आतली कड

२०२५च्या ऑगस्टचा दुसरा आठवडा. शाळा सुटल्यावर आम्ही चौघं खानापूरहून बेळगावला परतत होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी गुरुजी, मागे दोघी बाई. इदलहोंड गेलं, गणेबैलचा टोलनाका गेला आणि पावसानं एकदम जोर धरला. वायपर शेवटच्या वेगावर टाकला तरी समोरचं नीट दिसेना. मी वेग कमी केला होता, तरी साठाच्या आसपास असेन. प्रभुनगरजवळ रस्त्याच्या कडेनं पाण्याचा लांबट पट्टा साचला होता. गाडी त्यात शिरली आणि हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं. चाकं रस्त्याला टेकलेलीच नाहीत असं वाटलं. मी किंचित उजवीकडे वळवलं, गाडी वळली नाही. जशी होती तशी सरळ, पाण्यावरून, डाव्या कठड्याकडे सरकत राहिली.

ब्रेक दाबला नाही, एवढं एक बरं झालं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग धरून ठेवलं. दोनेक सेकंद गेले असतील. मग चाकांना रस्ता मिळाला, गाडीला हिसका बसला आणि ती ताब्यात आली. मागच्या सीटवरचं बोलणं थांबलं होतं. मच्छे येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. उद्यमबागेपाशी गुरुजी एवढंच म्हणाले, "बाई, टायर एकदा दाखवून घ्या."

मी दाखवणार होतेच. खरं सांगायचं तर टायर मी पाहत नव्हते असं नाही. दर आठवड्याला हवा तपासत होते. गाडीत बसण्याआधी चारी चाकांवर नजर टाकायची सवय आप्पांनी लावली आहे. बाहेरून बघितलं तर नक्षी दिसत होती, खाचा दिसत होत्या. झिजलेत, पण अजून वर्षभर जातील असा माझा अंदाज होता. गाडी डिसेंबर २०२०ची, धाव ५४,००० किलोमीटर. टिळकवाडीतून निघून खानापूर, तिथून नंदगडच्या पुढे आमची शाळा, येऊन-जाऊन साधारण सत्तर किलोमीटर. मिस्टर नोकरीसाठी पुण्यात असतात, त्यामुळे गाडीचं सगळं मीच बघते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खानापुरात पंक्चरच्या दुकानावर गेले. दुकान चालवणारा मुलगा आमच्याच शाळेतून सातवी होऊन गेलेला. त्यानं बाहेरून टायर बघितले, काही बोलला नाही. मग आत बसून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं, खाली उतरून पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि मला बोलावलं.

"बाई, हिकडं बघा की. आतनं गोटा झालाय."

मी वाकून बघितलं. चाकाची जी कड गाडीच्या पोटाकडे असते, ती उभ्या गाडीत कधीच दिसत नाही. त्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा पार गुळगुळीत झाला होता, हात फिरवला तर पाटीसारखा लागत होता. त्याच टायरची बाहेरची कड मात्र बऱ्यापैकी शाबूत. मी रोज तीच बघत होते.

"ह्याच्यावर पावसात खानापूर-बेळगाव करतायसा?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात काळजी होती. मला काही बोलता आलं नाही. माझ्या गाडीत रोज तीन माणसं बसतात आणि त्यांच्या घरी कुणी ना कुणी वाट बघत असतं, एवढंच डोक्यात राहिलं.

रविवारी आप्पांकडे शहापूरला गेले. आप्पा उद्यमबागेत फाउंड्रीला जोडलेल्या मशीन शॉपमध्ये तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाले तरी त्यांचा व्हर्निअर कॅलिपर कपाटात तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेला असतो. मी झालेलं सांगितलं तेव्हा त्यांनी गाडीकडे जाण्याआधी तो बाहेर काढला. "अंदाज नको. मोजूया," म्हणाले.

व्हर्निअरच्या शेपटाकडून एक बारीक पट्टी बाहेर सरकते, खोली मोजायची. तिचं टोक टायरच्या खाचेत तळाला टेकवायचं, कॅलिपरचं बूड वरच्या रबरावर बसवायचं आणि आकडा वाचायचा. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजायचं: बाहेरची कड, मध्य, आतली कड. आप्पा सांगत गेले, मी वहीत लिहीत गेले. पुढचा डावा: बाहेर ३.४ मिलिमीटर, मध्ये २.६, आत १.१. पुढचा उजवा: ३.१, २.७, १.६. मागचे दोन्ही साडेतीनच्या आसपास, सगळीकडे सारखे.

मोटारींच्या टायरला खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, हा आपल्याकडचा नियमच आहे. टायर बनवणारेही ती खूण टायरमध्येच घालून ठेवतात. खाचेच्या तळाशी ठराविक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. बाजूच्या भिंतीवर, वरच्या कडेला, बारीक त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं दिसली की त्या रेषेत बघायचं, उंचवटा तिथेच सापडतो. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर संपला. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. खाचा दिसतात म्हणून टायर चांगला, हा माझा समज तिथे गळून पडला. एक मिलिमीटरची खाचही डोळ्यांना दिसतेच. तिच्यातून पाणी मात्र पुरेसं जात नाही.

खाचांचं खरं काम पावसात असतं. कोरड्या रस्त्यावर रबर नुसतं टेकलं तरी धरून राहतं. ओल्या रस्त्यावर चाकाखाली आलेलं पाणी खाचांमधून बाजूला आणि मागे निघून जायला हवं. खाच उथळ असली किंवा वेग जास्त असला तर पाण्याला निघून जायला वेळ मिळत नाही. ते चाकाच्या पुढे साचून पाचरीसारखं खाली शिरतं आणि चाक उचलतं. प्रभुनगरला माझ्या गाडीचं हेच झालं होतं. अशा वेळी ब्रेक दाबून उपयोग नसतो, कारण ब्रेक चाकाला थांबवतो आणि चाकाखाली रस्ताच नसतो. ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी एबीएससुद्धा तिथे काही करू शकत नाही.

आप्पांनी मात्र दुसराच प्रश्न विचारला. "आतनंच का झिजला?" मग माझ्या लक्षात आलं. जूनमध्ये, पाऊस नुकताच लागला होता तेव्हा, नंदगडच्या रस्त्यावर पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक जोरात आपटलं होतं. गाडी चालत राहिली, काही तुटलं नाही, म्हणून मी पुढे विचार केला नाही. नंतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित तिरकं राहायला लागलं, तेही अंगवळणी पडलं. आप्पांनी रिमच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. तिथे पोचा होता. चपलेची एकच बाजू झिजली तर दोष चपलेत नसतो, चालण्यात असतो, तसंच चाकाचं. मधला भाग जास्त झिजला तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, आणि एकच कड झिजली तर चाकांची दिशा बिघडली आहे. झिजलेला टायर फेकून देण्याआधी तो नीट वाचावा. नाहीतर नवा टायरही त्याच वाटेनं जातो.

आता कधी बदलायचे हा प्रश्न आला, आणि तो वाटला तितका सोपा नव्हता. जीएसटी कमी होणार अशी चर्चा १५ ऑगस्टपासून सुरू होती. ३ सप्टेंबरला परिषदेची बैठक झाली आणि टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर, २२ सप्टेंबरपासून, हे ठरलं. मी आधीच दोन दुकानांत दर विचारून आले होते. माझ्या मापाचा टायर ४,९५० रुपये, करासहित. मूळ किंमत तीच धरली तर १२८चे ११८ होणार, म्हणजे ४,५६० च्या आसपास. चार टायरमागे साधारण दीड हजाराचा फरक.

दीड हजार मला कमी नाहीत. पण आतून गोटा झालेले टायर घेऊन आणखी तीन आठवडे पावसात चार माणसं न्यायची, हे दीड हजारासाठी करायचं नाही हे पक्कं होतं. म्हणून गाडी दारात उभी केली. सकाळची बस धरायला तासभर लवकर निघावं लागलं, खानापूर स्टँडवर दुसऱ्या बसची वाट बघावी लागली. तिघी बायकांना कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे तिकीट नव्हतं, गुरुजी तेवढे पैसे काढून जात. ज्याला बसची सोय नाही, ज्याला गाडी काढावीच लागते, त्यानं दर उतरण्याची वाट बघत बसू नये. मला गाडी उभी करता आली म्हणूनच मी थांबले.

त्या तीन आठवड्यांत टायरच्या भिंतीवर काय लिहिलेलं असतं ते वाचायला शिकले. माझ्या टायरवर १६५/८० आर १४ ८५ एस असं आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडिअल, आतले धागे कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात अशी बांधणी. १४ हा रिमचा व्यास, इंचात. ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ एका टायरला ५१५ किलो चालतात. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा टायर. वजनाचा आणि वेगाचा हा आकडा कंपनीनं दिलेल्यापेक्षा खाली जाता कामा नये.

कोल्हापूरहून दादाचा फोन आला. त्याचं म्हणणं, बदलतेसच आहेस तर रुंद घे, १८५/७० आर १४, गाडी रस्ता धरून चालेल, दिसायलाही भारदस्त. मी कागदावर हिशेब केला. जुन्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, रुंद टायरचा ६१४.६, म्हणजे फरक एक टक्क्याच्या आत. स्पीडोमीटर बिघडणार नाही, दादाचं चुकत नव्हतं. कोरड्या रस्त्यावर, वळणावर, रुंद टायर खरंच चांगलं धरतो. पण माझं भय पाण्याचं होतं. जितका टायर रुंद, तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं. शिवाय रुंद टायर जास्त महाग, पेट्रोल थोडं जास्त खाणार, स्टिअरिंग थोडं जड होणार, आणि माझं बारीक लोखंडी रिम त्याला पुरेसं रुंद आहे का हेही बघावं लागणार. गाडी बनवणाऱ्यांनी जे माप दिलं तेच ठेवायचं ठरवलं. दादाला ते पटलं नाही.

त्यानं आणखी एक सुचवलं, कोल्हापुरात घे, तिथे स्वस्त मिळेल. सीमेवरच्या आम्हा लोकांना हा हिशेब करायची सवयच आहे. पेट्रोलसाठी एमएच ०९च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गाड्या कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर वर्षानुवर्षं येतात, कारण पेट्रोलवरचा कर राज्याराज्याचा वेगळा. टायरवर मात्र जीएसटी, तो इकडेही तेवढाच, तिकडेही तेवढाच. शंभर-दोनशे रुपये सुटतील, पण काही बिघडलं तर शंभर किलोमीटरवर कोण जाणार? टायर आपल्या गावात घ्यावा, जिथे महिन्याभरानं परत जाऊन "हे बघा, स्टिअरिंग थरथरतंय" असं सांगता येतं.

दोन की चार, यावरही विचार केला. मागचे दोन अजून चालण्यासारखे होते. दोनच घेतले असते तर नवे मागे घालावे लागले असते. हे ऐकायला उलटं वाटतं, कारण इंजिन पुढच्या चाकांना ओढ देतं आणि झिजतातही पुढचेच. पण ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की सावरते. मागचं चाक घसरलं तर गाडी गिरकी घेते, आणि ती तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला सावरता येत नाही. म्हणून चांगले टायर मागे. माझ्या मागच्या टायरवर ४१२० असा शिक्का होता, म्हणजे २०२० सालचा ४१वा आठवडा. पाच वर्षांचे झाले होते, भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा दिसायला लागल्या होत्या. रबर उन्हानं, वयानं कडक होत जातं, झिजो वा न झिजो. मी चारही घ्यायचे ठरवले. स्टेपनी तेवढ्याच वयाची, पण डिकीत अंधारात पडून राहिलेली आणि चिरा नसलेली. ती स्टेपनीच ठेवली.

हा चार आकडी शिक्का प्रत्येकानं बघावा असं मला फार वाटतं. भिंतीवर डॉट (डी-ओ-टी) या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तो टायरच्या एकाच बाजूला असू शकतो, त्यामुळे टायर उलटवून बघावा लागतो. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. राज्याच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणाचं कामही त्याच दिवशी सुरू होऊन आम्हा शिक्षकांच्या अंगावर पडलं, घरोघरी फिरायचं होतं. त्यामुळे टायरसाठी बुधवारची संध्याकाळ काढली. पहिल्या दुकानात दर बरोबर उतरवलेला होता. टायर समोर आले, प्लास्टिकच्या पट्ट्या गुंडाळलेले, चकचकीत. मी पट्टी बाजूला सारून शिक्का शोधला. ११२३. अडीच वर्षांपूर्वीचा माल. दुकानदार म्हणाले, "मॅडम, वापरलेला न्हाई, शोरूममध्येच होता, काय होत न्हाई." सावलीत, नीट ठेवलेला टायर एकदम खराब होत नाही हे खरं आहे. पण मी पूर्ण किंमत देणार, आणि त्याच्या आयुष्याची अडीच वर्षं आधीच सरलेली. मी नम्रपणे नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण बाहेर पडले.

दुसऱ्या दुकानात एमआरएफ, सीएट, अपोलो, ब्रिजस्टोन असे चार प्रकार माझ्या मापात होते. तिथले मालक घाई न करता बोलत होते. त्यांनी आधी विचारलं, रोज किती चालते, कुठल्या रस्त्यावर, किती माणसं. मी सगळं सांगितलं. म्हणाले, जास्त टिकणारं रबर कडक असतं, ते पन्नास-साठ हजार जाईल, पण ओल्यात थोडं कमी धरतं आणि आवाज जास्त करतं. मऊ रबर ओल्यात चांगलं धरतं, लवकर झिजतं. दोन्ही एकाच टायरात पुरेपूर मिळत नाहीत. हे कुणी इतक्या सरळ शब्दांत आधी सांगितलं नव्हतं. खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर पाऊस कसा पडतो हे आमच्याकडे कुणाला सांगायला नको. मी दहा हजार किलोमीटर कमी मिळाले तरी चालतील म्हटलं आणि मधून चार रुंद, सरळ खाचा गेलेला टायर निवडला. शिक्का २८२५, म्हणजे जुलैचा. आयएसआयचा शिक्का होता. चारही टायर एकाच आठवड्याचे आहेत हे मी उलटवून बघितलं, मालकांनी पोराला सांगून प्रत्येक टायर माझ्यासमोर फिरवून दाखवला.

बसवण्याचं काम तासभर चाललं आणि मी तिथून हलले नाही. गाडी लिफ्टवर चढली, चाकं उतरली. मशीननं टायरची कड रिमपासून सोडवली, तेव्हा पुढच्या डाव्या टायरची आतली बाजू मी पहिल्यांदा उजेडात पूर्ण बघितली. एका ठिकाणी रबर संपून खालच्या तारांचा मळकट रंग दिसायला लागला होता. व्हर्निअरनं त्या जागी मोजलंच नव्हतं, कारण तिथे खाचच उरली नव्हती. मला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं.

डाव्या रिमचा पोचा त्यांनी मशीनवर सरळ केला. रिमच्या कडेला गंज होता, तो तारेच्या ब्रशनं घासून काढला. गंज राहिला तर ट्यूबलेस टायरची हवा तिथूनच हळूहळू जाते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. जुने व्हॉल्व्ह कापून नवे घातले. व्हॉल्व्हसुद्धा रबराचाच, तोही पाच वर्षांचा, आणि पैसे अगदी किरकोळ. हे सांगावं लागू नये, पण सांगून घ्यावं. टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर आणून बसवला. तो ठिपका टायरची सगळ्यात हलकी जागा दाखवतो आणि व्हॉल्व्हमुळे रिम तिथे जरासं जड असतं, म्हणजे बॅलन्सिंगला, चाक न थरथरता फिरावं म्हणून, वजनं कमी लागतात. कडेला साबणाचं पाणी लावून टायर चढवला. हवा भरताना फट्कन आवाज होऊन कड रिमला बसली. मग प्रत्येक चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून आतून-बाहेरून छोटी वजनं ठोकली.

नट कसताना मी मध्ये बोलले. पोरगा हवेच्या गननं एकामागून एक दणादण आवळत होता. गननं नको, आधी हातानं धर, मग समोरासमोरचे आळीपाळीनं पान्यानं आवळ, असं मी सांगितलं. हे आप्पांनी बजावून पाठवलं होतं. एका बाजूचा नट पूर्ण आवळला की चाक तिरकं बसतं. आणि गननं अती आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर माझ्या हातानं सुटत नाही. नंदगडच्या पुढे संध्याकाळी पाचला कुणाची मदत मिळेल याचा भरवसा नसतो. त्यानं कुरकुर न करता पाना घेतला.

शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं. चाकांना आरसे लावले, समोर पडद्यावर आकडे आले. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर किती वळलीत त्याचं माप, लाल रंगात होता. दोन्ही चाकांची पुढची टोकं बाहेरच्या बाजूला उघडली होती, डावं जास्त. म्हणजे दर किलोमीटरला चाक सरळ न जाता थोडं फरफटत होतं, आतल्या कडेवर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत. आमच्या गाडीत टो तेवढाच फिरवता येतो. अलाइनमेंट करणारे अण्णा खाली शिरून पाना फिरवत, वर पडद्याकडे बघत. आकडे हिरवे झाल्यावर म्हणाले, "ईग सरि आत नोड्री." आता बरोबर झालं. मी आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकड्यांचा कागद मागून घेतला. तो वहीत चिकटवला आहे.

हवा त्यांनी चारीत पस्तीस भरली होती. बऱ्याच ठिकाणी सगळ्या गाड्यांना तेवढीच भरतात. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं, चार-पाच माणसं असतील तर मागची वेगळी. टायरच्या भिंतीवरचा आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त किती सोसेल तो, आपण भरायचा तो नव्हे. आणि हवा थंड टायरमध्ये मोजायची, पाच-सात किलोमीटर चालल्यावर ती वाढलेलीच दिसते. नायट्रोजन घ्या म्हणून आग्रह झाला. मी साधी हवा घेतली. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो हे मी पाचवीच्या मुलांना शिकवते. दर आठवड्याला मोजली की साधी हवा पुरते.

जुन्या टायरचे दुकानात प्रत्येकी दोनशे मिळत होते. मागचे दोन मी देऊन टाकले. पुढचे दोन दिले नाहीत. असे टायर कापून, खाचा खोदून, रस्त्याकडेला पुन्हा विकले जातात हे मी पाहिलं आहे, आणि आपला टायर दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या गाडीखाली जावा असं मला वाटत नव्हतं. आप्पांनी करवतीनं दोन्ही आडवे कापले. एक तुकडा शाळेत नेला. घर्षणाच्या धड्याला तो मुलांच्या हातात दिला. मुलं बराच वेळ आतल्या कडेवरून बोट फिरवत होती.

पहिले दोनशे किलोमीटर गाडी जपून चालवली, नव्या रबरावर साच्यातून सुटावं म्हणून लावलेला गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा पान्यानं बघितले, एक पाव वळसा फिरला. १ ऑक्टोबरला खंडेनवमी. आप्पांनी दरवर्षीप्रमाणे हत्यारं मांडली. गाडीला झेंडूचा हार घातला आणि त्या वर्षी व्हर्निअरही पाटावर होता.

ऑक्टोबरच्या शेवटी परतीचा पाऊस झाला. प्रभुनगरला पुन्हा पाणी साचलं होतं. मी पन्नासवर होते, हात घट्ट. चाकांखालून पाणी दोन्ही बाजूंना उडालं, त्याचा आवाज नीट ऐकू आला, आणि स्टिअरिंग जड राहिलं, हातात राहिलं. मागून एका बाईंनी हळूच विचारलं, "गेलं ना ते?" गेलं, म्हटलं.

संक्रांतीच्या सुट्टीत पाच हजार किलोमीटर झाले तेव्हा आम्ही पुन्हा मोजलं. नवे असताना ७.६ होते. आता पुढचे बाहेरून ७.०, मधून ७.१, आतून ७.०. आप्पांनी आकडे दोनदा वाचले आणि व्हर्निअर मला दिला. तो आता गाडीत असतो. परवा शाळेच्या मैदानात गुरुजींच्या गाडीचं स्टिअरिंग वळवून बघितलं. पुढचा उजवा आतून १.४ निघाला. शनिवारी अर्धी शाळा झाली की आम्ही दोघं दुकानात जाणार आहोत.